काहीच न करणारे वास्तुविशारद

बोर्दोला गेलेल्या प्रवाशाने काय काय पाहायचे ते ठरलेले आहे. गारोन नदीने घेतलेला चंद्रकोरीसारखा वळसा पाहायचा, काठावरची फिकट पिवळ्या दगडाची, एका उंचीची नि एका वळणाची घरे पाहायची, आणि मग बूर्स चौकासमोरचा तो प्रसिद्ध 'पाण्याचा आरसा' पाहायला जायचे. काळ्या ग्रॅनाइटच्या विस्तीर्ण फरशीवर जेमतेम बोटभर पाणी असते. त्यात अठराव्या शतकातल्या इमारती उलट्या उभ्या राहतात आणि फ्रेंच पोरे अनवाणी पायांनी त्या इमारती खुशाल तुडवीत असतात. हा आरसा २००६ साली झाला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने जुन्या बोर्दोवर जागतिक वारशाचा शिक्का मारला. मीही हे सगळे यथासांग पाहिले. वर्णन मात्र करीत नाही. ते आपल्याला कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडेल, आणि छायाचित्रे तर आपल्या शेजाऱ्यांनीच दाखवली असतील.

माझा भाचा तेथे विद्यापीठात शिकतो. तीन दिवस मावशीला हिंडवून झाल्यावर त्याने विचारले, "मावशी, आता काय बघायचंय तुला?"

"प्लास लेओं ओकोक," मी म्हणाले.

बोर्दोत दोन वर्षे काढूनही त्याने हे नाव ऐकले नव्हते. त्याने फोनवर शोधले, चित्रे वरखाली केली आणि माझ्याकडे काळजीच्या नजरेने पाहिले. "अगं मावशी, हा नुसता चौक आहे. इथं काहीच नाहीये."

"म्हणूनच जायचंय," मी म्हणाले.

आणि खरोखरच तेथे काही नव्हते. त्रिकोणी आकाराची एक मोकळी जागा, कडेने झाडे, झाडांखाली बाके, मधे पसरलेली खडी. आजूबाजूला साध्या तोंडवळ्याची, कष्टकरी माणसांची घरे. लोखंडी गोळे फेकून खेळायचा पेतांक नावाचा जो खेळ फ्रेंच म्हाताऱ्यांना प्राणांहून प्रिय असतो, त्यासाठी राखलेली थोडी जागा. कारंजे नाही, पुतळा नाही, रंगीत फरशी नाही, आणि कोणाच्या शुभहस्ते काय झाले ते सांगणारी शिळाही माझ्या दृष्टीस पडली नाही. एक बाई बाकावर बसून वाटाणे सोलाव्यात इतक्या निवांतपणे वर्तमानपत्र वाचीत होत्या. परंतु वास्तुकला शिकणारी मुले दूरदेशी वर्गात बसून या चौकाचा अभ्यास करतात.

त्याची हकिगत अशी. १९९६ साली बोर्दोच्या नगरपालिकेने शहरातले काही चौक सुशोभित करायचे ठरवले. सुशोभीकरण हा शब्द आपल्याला काही नवा नाही. त्यात काय काय येते हे ज्याच्या गल्लीच्या टोकाला सुशोभित चौक आहे त्याने मनाशी आठवावे. तर हा लेओं ओकोक चौक आन लाकातों आणि झाँ-फिलिप वासाल या दोघा वास्तुविशारदांकडे सोपवण्यात आला. दोघे तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर, नाव होऊ लागलेले, पण फारसे मोठे काम पदरी नसलेले. त्यांनी काय करावे? ते चौकात येऊन बसले. पुन्हा पुन्हा आले. कोण कोठे बसतो, खेळ केव्हा रंगतो, सावली कोठवर सरकते, हे पाहत राहिले. राहणाऱ्या माणसांशी बोलले. आणि मग त्यांनी नगरपालिकेला कळवले, की चौक सुंदरच आहे. येथे सुशोभीकरणाला जागा नाही. बाक बदलून दुसरे बाक, दिवा बदलून दुसरा दिवा कशासाठी बसवायचा? खडी जुनी झाली आहे ती बदलावी, लिंडनच्या झाडांना औषधपाणी करावे, झाडलोट अधिक वेळा करावी आणि वाहतुकीत थोडासा फेर करावा. एवढाच आमचा आराखडा.

बांधकाम जितके मोठे तितकी मिळकत मोठी, असा या व्यवसायाचा सर्वसाधारण हिशेब. त्यात 'काही करू नका' असे लेखी कळवणारा माणूस म्हणजे, औषध नको, चार दिवस ताक प्या, म्हणून रोग्याला घरी पाठवणारा वैद्य. असा वैद्य आळशी नसतो. नाडी त्यानेही पाहिलेलीच असते, आणि बहुधा इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलेली असते.

आता मराठी शिकवणाऱ्या बाईने वास्तुकलेत नाक का खुपसावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण साहित्यिक नाही, अगदी घरगुती आहे. आमची सोसायटी पस्तीस वर्षांची झाली आणि गेली तीन वर्षे आमच्या प्रत्येक सभेत 'पाडायची की नाही' एवढाच विषय असतो. चहा गार होतो, सभासद गरम होतात. २०२१ च्या मार्चमध्ये याच लाकातों-वासाल जोडीला प्रित्झ्कर पारितोषिक जाहीर झाले. वास्तुकलेत त्याला नोबेलचा मान आहे. त्या बातमीत त्यांचा बाणा दिला होता: पाडू नका, काढून टाकू नका, भर घाला, रूप पालटा, पुन्हा वापरा. ही बातमी मी कापून ठेवली होती. फ्रान्सला जायचा योग आला तेव्हा ते कात्रण आधी पिशवीत गेले आणि पिठल्याचे तयार पीठ नंतर.

वासाल यांचा जन्म १९५४ चा, मोरोक्कोतल्या कासाब्लांकाचा. लाकातों १९५५ च्या, दोर्दोन्य प्रांतातल्या एका छोट्या गावातल्या. दोघे बोर्दोलाच वास्तुकला शिकले आणि १९८० साली पदवीधर झाले. त्यानंतर वासाल आफ्रिकेत नायजर देशात नगररचनेच्या कामावर गेले. लाकातों यांच्या तेथे खेपा होऊ लागल्या. वाळवंटाच्या कडेचा हा देश. लाकूड दुर्मीळ, पाणी दुर्मीळ, पैसा तर त्याहून दुर्मीळ. परंतु चार काटक्या नि एक चटई हाती आली की तेथला माणूस सावली उभी करतो, आणि सावलीखाली पाहुण्यालाही जागा असते. फ्रान्समधल्या वर्गात जे शिकायला मिळाले नाही ते आपण येथे शिकलो, असे हे दोघे मानतात. १९८४ साली राजधानी नियामे येथे त्यांनी स्वतःसाठी फांद्या नि गवती चटयांची एक झोपडी बांधली. ही त्यांची पहिली संयुक्त वास्तू. दोन वर्षांच्या आत वाऱ्याने ती नेली. आपल्याकडे एखाद्याची पहिलीच इमारत अशी उडाली असती तर त्याने ती गोष्ट पुढे आयुष्यभर झाकून ठेवली असती. यांच्या चरित्रात मात्र ती पहिल्या पानावर असते.

१९८७ साली त्यांनी आपला व्यवसाय सुरू केला. त्यांना नाव मिळवून देणारे घर गारोनच्या पलीकडच्या तीरावर, फ्लोआराक येथे १९९३ साली झाले. नवरा, बायको, दोन मुले असे कुटुंब होते आणि हाताशी पैसा बेताचा होता. इतक्या पैशांत साधारणपणे एक छोटे, नीटनेटके, चार भिंतींत कोंडलेले घर होते. यांनी लोखंडी सांगाडा उभा केला, रस्त्याच्या बाजूचा अर्धा भाग सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांनी झाकला, आणि बागेकडचा अर्धा भाग पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यांनी. फुलशेती करणारे लोक ज्या पत्र्यांनी हरितगृहे बांधतात तेच हे पत्रे; स्वस्त, हलके आणि बाजारात केव्हाही मिळणारे. जेवढ्या पैशांत एक घर झाले असते तेवढ्यात एक घर आणि त्याला लागून घराएवढीच उजेडाची पडवी झाली. रस्त्यावरून हे घर पाहून मात्र कोणी हरखून जाणार नाही. भाचा म्हणाला, "गोडाऊन वाटतं गं." मलाही तसेच वाटले, आणि आम्ही दोघेही निमूटपणे परतलो. कोणाच्या राहत्या घरापुढे फार वेळ उभे राहणे बरे दिसत नाही.

समुद्राकडच्या काप फेरे येथे त्यांनी १९९८ साली बांधलेल्या घराचे नुसते वर्णन वाचूनच मी तृप्त झाले होते. वाळूच्या टेकाडावर पाइनची ४६ झाडे होती. त्यातले एकही तोडले नाही. घर खांबांवर उचलले आणि जी सहा झाडे मधे येत होती ती सरळ घरातून वर जाऊ दिली. वाऱ्याने झाड डोलते, म्हणून छपराशी त्याची गाठ अशी घातली आहे की झाडाने डोलावे आणि पाणी आत येऊ नये. आपल्याकडे कोकणात घर बांधताना दारचा फणस वाचवायला भिंत दोन हात सरकवणारी माणसे होती. त्यांना हे घर आवडले असते.

परंतु श्रीमंताच्या जमिनीवरची झाडे वाचवणे वेगळे आणि गरिबांच्या इमारती वाचवणे वेगळे. खरी कसोटी पुढेच होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची भयंकर टंचाई होती. पन्नास ते सत्तरच्या दरम्यान शहरांच्या कडेने सरकारने उंच, लांबलचक, एकसारख्या इमारतींच्या वसाहती उठवल्या. स्वस्त भाड्याची ही घरे. प्रथम त्यांचे कौतुक झाले, कारण घरात नळ आला, न्हाणीघर आले. पुढे चांगल्या मिळकतीचे लोक निघून गेले, दुरुस्ती रेंगाळली, आणि ज्यांना दुसरीकडे जाणे शक्य नव्हते ते राहिले. मग वर्तमानपत्रांतून या वसाहतींचे नाव केवळ दंगली नि गुन्हे यांच्या बातम्यांत येऊ लागले. २००३ साली नगरविकासाचे मंत्री बोर्लो यांनी कायदा करून घेतला. त्यात दोन लाख घरे पाडायची आणि तितकीच नवी बांधायची अशी योजना होती.

लाकातों, वासाल आणि त्यांचे स्नेही फ्रेदेरिक द्रुओ या तिघांनी त्यावर २००४ साली एक अभ्यास तयार केला. त्याचे नाव एका शब्दाचे: 'प्लुस', म्हणजे 'अधिक'. त्यांचे म्हणणे सरळ होते. घरांची टंचाई असताना घरे पाडता कशी? एक घर पाडून नवे बांधायला जो खर्च येतो त्यात तीन जुनी घरे मोठी नि सुखाची होतात. आणि पाडताना विटांबरोबर आणखी काय पडते? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईची चौथ्या मजल्यावरच्या बाईशी असलेली चाळीस वर्षांची ओळख पडते. तिचा भाव कोणत्या हिशेबात धरायचा?

असे लेख पुष्कळ लिहिले जातात आणि कपाटात जातात. हे तिघे मात्र पुढे ते करून दाखवू शकले, आणि ते पाहायला आम्ही ट्राममधून बोर्दोच्या उत्तरेकडच्या ग्राँ पार्क वसाहतीत उतरलो.

ही वसाहत साठच्या दशकाच्या आरंभीची, चार हजारांवर घरांची. तिच्यातल्या तीन इमारती, दहा ते पंधरा मजल्यांच्या, एकूण ५३० घरांच्या. एके काळी त्या पाडायच्या की काय अशी चर्चा होती. पूर्वीच्या छायाचित्रांत त्या अगदी आपल्या ओळखीच्या वाटतात. सपाट भिंत, तिच्यात बेताच्या खिडक्या, बस्स. आता समोर जाऊन पाहावे तर सबंध इमारतीला तळापासून टोकापर्यंत काचेची नि पारदर्शक पत्र्याची पडवी लागलेली! द्रुओ आणि क्रिस्तोफ युतँ यांच्या साथीने लाकातों-वासाल यांनी हे काम २०१७ साली पुरे केले.

ते कसे केले हे मला भाच्याने खाली उभे राहून समजावले. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मला फक्त संधिविग्रह कळतो. जुन्या भिंतीपुढे नव्या पायावर स्वतंत्र सांगाडा उभा केला, म्हणजे जुन्या इमारतीवर नवा भार नाही. कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीटच्या लाद्या यारीने उचलून फडताळाच्या फळ्यांसारख्या एकावर एक बसवल्या. मग आतल्या बाजूची जुनी खिडकीची भिंत कापून काढली आणि तिच्या जागी जमिनीपासून छतापर्यंतची सरकती काचेची दारे लावली. प्रत्येक घरापुढे सुमारे साडेबारा फूट खोलीची नवी जागा आली. तिचा आतला भाग बंद होणारा, बाहेरचा उघड्या सज्जाचा. शिवाय न्हाणीघरे नवी झाली, विजेच्या तारा नव्या झाल्या, लिफ्ट सुधारल्या.

आणि या काळात राहणारी माणसे कोठे होती? घरातच होती. एका घराचे काम १२ ते १६ दिवसांत उरकायचे असे वेळापत्रक बांधले होते. त्यातला अर्धा दिवस लादी बसवायला, दोन दिवस जुनी भिंत कापायला, दोन दिवस नवी दारे लावायला आणि उरलेले आतल्या कामाला. कोणाला गाव सोडावे लागले नाही आणि कामानंतर भाडे वाढले नाही. हे शेवटचे वाक्य मी भाच्याकडून दोनदा वदवून घेतले.

आमची ही उभ्या उभ्या चाललेली शिकवणी पाहून हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एक वृद्ध बाई थांबल्या. भारतातून ही बाई आपली इमारत पाहायला आली आहे हे कळल्यावर त्यांना फारसे नवल वाटले नाही. पुष्कळ येतात, म्हणाल्या. मग त्यांनी आम्हांला वरच नेले. घर छोटे होते, नीटस होते, आणि पडद्याआडून पडवीत पाऊल टाकल्याबरोबर एकदम मोठे झाले. वाळत घातलेले कपडे, टोमॅटोच्या कुंड्या, घडीचे टेबल, नातवाची सायकल. समोर सबंध बोर्दो. हवेत गारवा होता तरी पडवीत उबदार होते. हिवाळ्यात दिवसा उन्हाने ही बंदिस्त हवा तापते, दुपारी आतले दार उघडले की ऊब घरात येते, रात्री जाड पडदा ओढला की ती टिकते. उन्हाळ्यात बाहेरचे पत्रे सरकवून टाकायचे आणि सावलीचा पडदा ओढायचा. सगळे यंत्र म्हणजे घरातली बाई आणि तिचे दोन हात. फ्रेंच लोक या जागेला 'हिवाळी बाग' म्हणतात. पण मला विचाराल तर ओटी आणि पडवी हे आपले दोन शब्द तिला अधिक शोभतात. ना पुरते घर, ना पुरते अंगण.

काम चालू असताना त्रास झाला का, असे मी विचारवले. बाई हसून म्हणाल्या, दुपारची झोप तेवढी गेली. मग थोडे थांबून त्यांनी सांगितले, की काही शेजाऱ्यांना ही पडवी वापरताच येत नाही, ते तिच्यात अडगळ भरून ठेवतात. शेजाऱ्यांबद्दल एवढे बोलल्याशिवाय कोणत्याही देशातल्या बाईला बरे वाटत नसावे.

तेथे उभी असताना मला आपल्याकडच्या गॅलऱ्या आठवल्या. बिल्डर गॅलरी देतो आणि आपण पहिल्या वर्षातच तिला खिडक्या लावून तिची खोली करतो. मुलाच्या अभ्यासाला जागा नको का? येथे उलट खोलीला गॅलरी लावलेली. पण म्हणून आपल्याला हसायचे कारण नाही. मुंबईत बी. डी. डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. त्यांना जाऊन 'पाडू नका' असे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. शिवाय ग्राँ पार्कच्या इमारतीपुढे मोकळी जमीन होती, सांगाडा धड होता, आणि घरांची मालकी सार्वजनिक संस्थेकडे होती. आमच्या इमारतीपुढे साडेबारा फूट सरकायचे म्हटले तर आम्ही थेट शेजारच्या सोसायटीच्या स्वयंपाकघरात पोचू. खाऱ्या हवेने सळ्या गंजून काँक्रीट फुगलेले असते तेथे तर पाडण्यावाचून गत्यंतर नसते. हे सगळे खरे. पण आमच्या सभांत आजवर जे सल्लागार आले त्यांच्यापैकी एकानेही घरात शिरून, तुम्ही दिवसभर कोठे बसता, ऊन कोठून येते, हे विचारले नाही. त्यांनी फक्त क्षेत्रफळ विचारले.

ग्राँ पार्कला २०१९ साली युरोपातले मीस व्हान डेर रोहे पारितोषिक मिळाले आणि दोन वर्षांनी प्रित्झ्कर. लाकातों या तो मान मिळवणाऱ्या पहिल्या फ्रेंच स्त्री. त्याआधी फ्रान्समधून १९९४ साली पोर्त्झाँपार्क आणि २००८ साली नुव्हेल यांना तो मिळाला होता. दोघेही एका नजरेत ओळखू येणाऱ्या, दिमाखदार इमारतींचे धनी. आपल्या बाळकृष्ण दोशींना तो २०१८ साली मिळाला. पुण्यात जन्मलेल्या या माणसाने इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना पुरे घर न देता जोते, न्हाणी-संडास आणि एखादी खोली देऊन बाकीचे त्यांच्या हाती सोपवले होते. लोकांनी सवडीने, कुवतीप्रमाणे घरे वाढवली. लाकातों-वासाल आणि दोशी यांच्या इमारती दिसायला एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत. राहणाऱ्या माणसाला काही तरी कळते, हा विश्वास मात्र दोन्हीकडे सारखा आहे.

बोर्दोहून पॅरिसला वेगवान गाडी दोन तासांच्या आसपास पोचवते. ग्राँ पार्कच्या आधीचा प्रयोग येथे सतराव्या विभागात, शहराच्या अगदी कडेला आहे. बुआ-ल-प्रेत्र नावाचा हा ५० मीटर उंचीचा मनोरा रेमों लोपेझ यांनी १९६१ साली बांधला. त्यात ९६ घरे होती. मधल्या काळात एकदा डागडुजीच्या नावाखाली त्याला तावदाने जडवून अधिकच अंधारा करून ठेवले होते. २०११ साली लाकातों-वासाल आणि द्रुओ यांनी ते कातडे उतरवून त्याला दोन मीटरची पडवी आणि एक मीटरचा सज्जा चढवला. सुमारे ९ हजार चौरस मीटरचा मनोरा १२ हजारांवर गेला आणि घर तापवण्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. तेव्हाही माणसे आतच राहत होती. मी त्याच्याभोवती एक फेरी मारली. दिसायला तो सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. बोर्दोतल्या नदीकाठच्या त्या दगडी घरांपुढे तो उभा केला तर कोणीही मान वळवून पाहणार नाही. पण त्या दगडी घरांचे सौंदर्य रस्त्यावरून जाणाराला मिळते आणि या मनोऱ्याचे आत बसणाराला. दोन्ही एकत्र का मिळू नयेत, असे मनात येते खरे. मंडळींनी त्यावर समाधानकारक उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

सेन नदीजवळच्या पाले द तोक्योने तर माझी पुरती निराशा केली. १९३७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेला हा राजेशाही थाटाचा प्रासाद. त्यात पुढे चित्रपटांचे केंद्र करायचे म्हणून आतली तोडफोड सुरू झाली आणि ती योजनाच बारगळली. नव्या कलेचे दालन तेथे उघडायचे ठरले तेव्हा पैसा तुटपुंजा होता. या जोडीने तो सगळा इमारत सुरक्षित करण्यात, जिने नि उजेड यांत घातला आणि बाकीचे अर्धवट फोडलेले काँक्रीट उघडे ठेवले. २००२ च्या जानेवारीत ते उघडले आणि २०१२ साली आणखी पुष्कळ मोठे झाले. मर्राकेशच्या जेमा एल-फ्ना चौकासारखी मोकळी, वाटेल तेव्हा वाटेल ते मांडता येण्याजोगी जागा त्यांच्या मनात होती म्हणे. मला मात्र रंगारी अर्ध्यात पळून गेलेल्या घरात शिरल्यासारखे वाटले. आजूबाजूची तरुण मुले जमिनीवर फतकल मारून बसली होती, चित्रे काढत होती, डबे खात होती आणि त्यांना कोणीही उठवीत नव्हते. संग्रहालयात डबा खाऊ देणारे राष्ट्र पुष्कळ पुढे गेलेले असते एवढे मी कबूल करते. भिंतींबद्दलचे माझे मत कायम आहे.

शेवटी उत्तरेच्या समुद्रावरचे डंकर्क. येथले जहाजांचे कारखाने १९८७ साली बंद झाले. किनाऱ्यावर जहाजांचे भाग जोडण्याची एक प्रचंड, उंच, रिकामी शेड तेवढी उरली. गावातल्या लोकांनी तिचे नाव 'कॅथिड्रल' ठेवले होते. या शेडमध्ये प्रादेशिक कलासंग्रह बसवायचा, असा प्रस्ताव होता. लाकातों-वासाल यांना वाटले, की हिच्यात मजले नि खोल्या घातल्या की हिच्यातले जे भव्य आहे तेच नाहीसे होईल. म्हणून त्यांनी जुनी शेड होती तशी रिकामी ठेवली आणि तिला खेटून तिच्याच मापाची, तिच्याच उतरत्या छपराची दुसरी, पारदर्शक इमारत उभी केली. २०१३ साली ती पुरी झाली. चित्रे नव्या इमारतीत राहतात. जुनी शेड कधी मोठ्या प्रदर्शनाला, कधी एखाद्या समारंभाला उपयोगी पडते आणि एरवी नुसती असते.

मी गेले तेव्हा ती नुसती होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जायला बराच वेळ लागला. वर यारीचे जुने रूळ दिसत होते. कोठून तरी वारा शिरत होता आणि पत्रा अधूनमधून धडधडत होता. माझ्याखेरीज तेथे एक बाप आणि त्याची चार-पाच वर्षांची मुलगी होती. मुलगी मोठ्याने हाक मारी, हाक फिरून परत येई, आणि ती पुन्हा हाक मारी. बापाने तिला गप्प केले नाही. नंतर मी नव्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर गेले. एका अंगाला राखाडी समुद्र आणि वाळूवर फिरणारी माणसे, दुसऱ्या अंगाला अगदी हाताशी आल्यासारखी जुन्या शेडची काँक्रीटची भिंत, पावसाच्या ओघळांचे डाग जसेच्या तसे. खालून त्या मुलीची हाक अजून येत होती. मी खिडकीशी उभी राहिले, आणि पॅरिसची गाडी गाठायची वेळ झाली तेव्हा खाली उतरले.